उंदराने सापळ्याला दिलेले स्टार

गेल्या गुरुवारी चाकणच्या एका कारखान्यातली असेंब्ली लाइन बंद पडली, कारण तिथल्या क्वालिटी इन्स्पेक्टरची अभ्यासाची वेळ झाली होती.

पण तसं काही घडलेलं नाही. त्या दिवशीच्या रिपोर्टात 'तांत्रिक कारण' असं लिहिलंय, खाली सह्या आहेत, आणि क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये जे रिपोर्टात नाही ते जगात नाही असा नियम आहे. तेव्हा आपणही ते विसरून जाऊ आणि नीट सुरुवातीपासून, म्हणजे मैत्रीच्या हसण्यापासून सुरू करू.

मैत्री हसायची. दहावीतली मुलगी हसते यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण ती फोनकडं बघून हसायची आणि पप्पा खोलीत आले की फोन उशीवर पालथा घालायची. पप्पा म्हणजे ज्योतीराम लोमटे. मूळचे अंबाजोगाईकडचे, आता चिखलीत राहणारे आणि रोज कंपनीच्या बसनं चाकणला जाऊन गाड्यांचे ब्रॅकेट तपासणारे. बाहेरून आलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. भाजी आणली तरी ते पिशवीतून वरची एक भेंडी, मधली एक आणि तळाची एक काढून मोडून बघत. अशा माणसाच्या घरात एक वस्तू कायम पालथी पडून राहते आणि तिची उजवी बाजू दिसत नाही, हे त्यांना झेपणं शक्यच नव्हतं.

"का हसायलीस गं?"

"काही नाही पप्पा."

"काही नाही म्हणून कुणी हसतं का?"

"मग काहीतरी असेल."

ज्योतीरामनी स्वयंपाकघरात जाऊन वरिष्ठांकडं तक्रार केली. त्यांची बायको रुपाली ब्लाउजला हुक लावत बसली होती. घरबसल्या शिवणकाम करून अख्ख्या सोसायटीची मापं तिला पाठ झाली होती.

"हसू द्या की," ती दोरा दातानं तोडत म्हणाली. "रडत असती तर काय केलं असतं?"

"रडायचं कारण सापडतं. हसायचं सापडत नाही. तोच तर धोका आहे."

"मग तुम्हीच हसून बघा एकदा. कदाचित सापडेल."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ज्योतीरामनी हा प्रश्न शेजारच्या सीटवर मांडला. शेजारच्या सीटवर स्टोअरचा तौसिफ शेख असायचा. त्याची मुलगी साबिया मैत्रीच्याच वर्गात होती आणि तीही फोनकडं बघून हसायची. पण तौसिफला ती हसते याचाच आनंद होता.

"ॲप टाका ना राव," तौसिफ म्हणाला. "पोरांच्या फोनवर काय चाललंय ते आपल्याला दिसतं. ढिगानं आहेत. रिव्ह्यू बघायचे आणि घ्यायचं."

"बघायचे आणि घ्यायचं?" ज्योतीरामना हे लागलं. "तू स्टोअरमध्ये माल असाच घेतोस का? बघून?"

"नाही, तुम्ही बघता, मी घेतो."

त्या दिवशीपासून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये रिव्ह्यूंची तपासणी सुरू झाली. बाजारात दोन ॲप जोरात होती. एकाचं नाव 'सुबोध पालक'. त्याला जवळजवळ सगळ्यांनी पाच स्टार दिले होते. ज्योतीराम डब्यातली पोळी बाजूला सारून वाचू लागले.

"'खूप छान ॲप. माझे मूल आनंदी आहे.' हे बघ, हे खोटं आहे."

"कशावरून?"

"तू साबियाला 'माझे मूल' म्हणतोस का?"

"मी तिला अम्मी म्हणतो. तीच मला ओरडते."

"मग? आणि पुढं बघ. 'माझे मूल आता स्वतःहून फोन ठेवते व दूध पिते.' अरे, दहावीतलं पोर? सगळे एकाच साच्यातून निघालेत. अख्खा लॉट रिजेक्ट."

दुसऱ्या ॲपचं नाव होतं 'घारडोळा'. त्याचे रिव्ह्यू वाचताना मात्र ज्योतीरामांचा घास हातातच राहिला. त्याला सगळीकडं एक स्टार होता, आणि खाली आक्रोश होता. 'हे ॲप घेऊ नका. पप्पांना सगळं कळतं.' 'शून्य स्टार द्यायची सोय नाही म्हणून एक देतोय.' 'या ॲपमुळं मी वर्गात पहिला आलो. आयुष्य उद्ध्वस्त.' आणि एक तर असा होता की तो त्यांनी तौसिफला दोनदा वाचून दाखवला: 'आधी मी खिडकीतून बाहेर बघायचे तर आई विचारायची, काय बघतेस? आता कुणी विचारत नाही. सगळ्यांना आधीच माहीत असतं. माझं बालपण मंगळवारी संपलं.'

"बेकार आहे राव हे," तौसिफ हळहळला. "एक स्टार. नको."

"तौसिफ, तक्रार करणारा कोण आहे ते बघ."

"पोरं आहेत."

"उंदरानं सापळ्याला एक स्टार दिला, तर सापळा खराब आहे का?"

तौसिफनं चमचा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनीही ठेवला. कॅन्टीनमध्ये एक प्रकारची शांतता पसरली, जशी मोठा शोध लागल्यावर पसरते किंवा ताक संपल्यावर.

"म्हणजे उंदीर रडतोय..."

"तर सापळा कडक! आणि उंदीर पाच स्टार देत असंल, तर सापळ्याला भोक आहे. साधं आहे." ज्योतीरामनी पोळी पुन्हा ओढली. "घारडोळा पास."

इथं कुठलाही दुसरा बाप घरी गेला असता आणि मुलीच्या फोनवर ॲप टाकून मोकळा झाला असता. पण ज्योतीराम ज्या कंपनीत होते तिथं पहिला नग पूर्ण तपासून पास झाल्याशिवाय मशीनवर दुसरा नग चढत नसे. एकदम मुलीवर प्रयोग करणं हे त्यांना बाप म्हणून चाललं असतं, इन्स्पेक्टर म्हणून चाललं नसतं. आधी ट्रायल. ट्रायलला पाल्याचा फोन हवा आणि पालकाचा फोन हवा. पाल्य म्हणून त्यांनी स्वतःला घेतलं. पालक म्हणून रुपालीला.

"मला नाही जमत ते," रुपाली म्हणाली. "माझ्या फोनमध्ये काही टाकायचं तर मैत्री टाकते. तिला सांगा."

रविवारी सकाळी ज्योतीरामनी दोन्ही फोन मैत्रीच्या हातात दिले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कंपनीचं ॲप आहे. सेफ्टीचं. जरा टाकून दे."

मैत्रीनं नाव वाचलं. तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. पाहुण्यांच्या घरी कुणी घसरून पडलं की हसू दाबताना आपला होतो, तसा.

"पप्पा, 'पाल्याचे नाव' विचारतंय."

"माझं टाक."

"कंपनी तुम्हाला पाल्य म्हणते?"

"नवीन पॉलिसी आहे."

"बरं. वय? शेहेचाळीस घेत नाहीये. अठराच्या आतच हवंय."

"टाक काहीही. ट्रायल आहे."

"पंधरा टाकते. इयत्ता दहावी. शाळा... माझीच टाकते, पत्ता पाठ आहे." तिनं दोन्ही फोनवर बोटं फिरवली, पिन टाकली आणि फोन परत दिले. "झालं. ऑल द बेस्ट पप्पा."

सोमवारी सकाळी ज्योतीराम चाकणला पोचतात न पोचतात तोच रुपालीचा फोन आला.

"अहो, तुम्ही शाळेत गेला नाहीत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"फोन म्हणतोय. 'तुमचे पाल्य शाळेच्या परिसराबाहेर भटकत आहे.' मगापासून दर थोड्या वेळानं म्हणतोय. मी दचकून दोन हुक उलटे लावले."

ज्योतीराम खूश झाले. चिखलीच्या शाळेपासून चाकणपर्यंतचं भटकणं बरोबर पकडलं होतं. मंगळवारीही पकडलं. बुधवारी त्यानं जरा जास्तच पकडलं.

ज्योतीरामना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. त्यामुळं ते तळवडे चौकात बसमधून आधीच उतरून तळलेलं खात आणि मग शेअर रिक्षानं घरी येत. घरी सांगायला ट्रॅफिक होतंच. त्या रस्त्यावर ट्रॅफिकचं कारण कुणी कधी तपासून बघत नाही. ते हवामानासारखं मानलं जातं. बुधवारी रुपालीचा फोन आला तेव्हा ज्योतीरामांच्या तोंडात अर्धा वडा होता.

"कुठं आहात?"

"ट्रॅफिकमध्ये. हलेना झालंय काही."

"ट्रॅफिक वडापाव सेंटरच्या आत लागलंय का?"

ज्योतीरामनी उरलेला वडा गिळला. पुढं घरात काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंचं बोलणं एकच बाजू करत होती. आपल्याला एवढंच महत्त्वाचं की रुपालीच्या रागावलेल्या बोटापुढं ॲपनं त्याच वेळी एक प्रश्न ठेवला. 'पाल्याला शिस्त लावायची आहे का? होय. नंतर.' रुपालीनं 'होय' दाबलं. एकदा दाबून समाधान झालं नाही म्हणून परत दाबलं.

ज्योतीराम मात्र झोपताना मनात म्हणाले, कडक आहे. पहिला नग पास. येत्या रविवारी मैत्रीच्या फोनवर.

आणि मग तो गुरुवार आला, जो आलेला नाही.

त्या दिवशी ग्राहक कंपनीचा माणूस प्लांटमध्ये होता. ब्रॅकेटचा एक लॉट अडला होता. तो मोकळा करायला ग्राहकाच्या पोर्टलवर ज्योतीरामनी मंजुरी द्यायची, मग त्यांच्या फोनवर ओटीपी येणार, तो टाकला की लाइनला माल जाणार. लाइनवर जेमतेम थोडा माल उरला होता. प्लांट मॅनेजर अजिंक्य साहेब शेजारी उभे. ते वयानं लहान होते म्हणून जास्त गंभीर राहत.

"लोमटे, ओटीपी?"

फोन वाजला. ज्योतीरामनी खिशातून काढला. पडद्यावर चष्मा घातलेली घार होती आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आता अभ्यासाची वेळ! पुस्तक उघड बघू!'

"हे काय आहे?" ग्राहक कंपनीच्या माणसानं विचारलं.

"सेफ्टीचं ॲप आहे," ज्योतीराम म्हणाले. हे वाक्य त्यांना आता सवयीनं यायला लागलं होतं.

फोन काही केल्या उघडेना. पडद्यावर दोनच बटणं होती. एक, 'आईला फोन कर'. ज्योतीरामनी ते दाबलं. ॲप लहान मुलांसाठी असल्यामुळं आवाज आपोआप स्पीकरवर गेला.

"रुपाली, माझा फोन उघड लवकर!"

"अभ्यास झाला का?"

"काय?"

"मी नाही, इथं लिहून आलंय. 'पाल्याचा अभ्यास पूर्ण झाला आहे का?' खोटं कसं सांगू? माझ्या नावावर चाललंय ते सगळं."

"अगं लाइन थांबायलीय इथं!"

"बरं, हो म्हणते. ... पिन मागतंय."

"टाक की मग."

"पिन मैत्रीनं टाकलीय. ती क्लासला गेली, तिथं फोन दाराबाहेर डब्यात ठेवून घेतात. तुम्ही तोवर थोडा अभ्यास करून घ्या ना."

अजिंक्य साहेबांनी छताकडं बघितलं. गलका ऐकून स्टोअरमधून आलेला तौसिफ पुढं झाला. "लोमटे भाऊ, बंद करून चालू करा ना राव एकदा."

"मूळ कारण सापडल्याशिवाय रीस्टार्ट करायचा नाही," ज्योतीराम आणि अजिंक्य साहेब एकदम म्हणाले. ही पाटी प्रत्येक मशीनवर लावलेली होती, आणि ग्राहक कंपनीचा माणूस समोर असताना ती मोडणं शक्य नव्हतं. त्यानं तर कौतुकानं मान हलवली.

राहिलं दुसरं बटण. 'एक गणित सोडव, दहा मिनिटं मिळव.' दाबल्यावर गणित आलं. एक टाकी एका नळानं सहा तासांत भरते, दुसऱ्यानं आठ तासांत, आणि तळाच्या गळतीनं बारा तासांत रिकामी होते. सगळं चालू असताना टाकी किती वेळात भरेल?

चार अनुभवी माणसं फोनभोवती वाकली.

"टाकीला गळती आहे हे माहीत असून पाणी का भरलं?" ग्राहक कंपनीचा माणूस म्हणाला.

"तेच म्हणतो मी," अजिंक्य साहेब म्हणाले. "आणि दोन्ही नळ एकदम कुणी उघडले? ऑपरेटर कोण होता?"

"आधी गळतीचं कारण शोधलं पाहिजे," ज्योतीराम म्हणाले. "वेल्डिंगचा दोष असंल."

"टाकी आली कुठून? सप्लायर कोण?"

"माझ्या स्टोअरमधून नाही गेली," तौसिफ घाईनं म्हणाला.

अजिंक्य साहेबांनी व्हाइटबोर्ड मागवला. त्यावर टाकीचं चित्र काढण्यात आलं. गळती का, वेल्ड कच्चं का, वेल्डरला ट्रेनिंग का नाही, अशी पाच 'का' खाली उतरली. टाकी बाजूला काढून तिच्यावर लाल टॅग लावावा असं सर्वानुमते ठरलं. हे ठरलं तेव्हा लाइनवरचा माल संपून लाइन शांत झाली होती. पण इतकी चांगली चर्चा बऱ्याच दिवसांत झाली नव्हती, त्यामुळं ते कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही.

शेवटी अभ्यासाची वेळ संपली आणि फोन आपणच उघडला. घारीनं पंख पसरून म्हटलं, 'शाब्बास! आज मन लावून अभ्यास केलास!' ओटीपी केव्हाच शिळा झाला होता.

संध्याकाळी घरी पोचल्यावर ज्योतीरामनी बूटही काढले नाहीत. मैत्री नुकतीच क्लासहून आली होती.

"तुला माहीत होतं ते काय ॲप आहे?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"कंपनीचं आहे म्हणालात ना. मला वाटलं, नवीन पॉलिसी असेल."

ज्योतीराम खुर्चीत बसले. "असू दे. ॲप तर कडक निघालं. तुझ्याच फोनवर टाकणार होतो मी, सरळ सांगतो. तू कशाला हसतीस ते मला कळायला पाहिजे. बापाला एवढं कळू नये?"

मैत्रीनं त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं. मग ती शेजारी येऊन बसली, आणि त्या घरात पहिल्यांदाच तिनं फोन सुलटा ठेवला.

"पप्पा, घारडोळा पोरांवर चालतच नाही. फोन बंद करून चालू केला की ते झोपतं. सगळ्या शाळेला माहितीय. ते फक्त मोठ्या माणसांवर चालतं."

"आणि ते रिव्ह्यू? पोरं रडायली होती!"

"ते आम्हीच लिहितो. आमचा ग्रुप आहे. जे ॲप बिनकामाचं असतं त्याला एक स्टार देऊन रडायचं, म्हणजे पप्पालोक खूश होऊन तेच घेतात. आणि जे खरं डेंजर असतं त्याला पाच स्टार देऊन असलं गोड लिहायचं की पप्पालोकांना ते खोटं वाटलं पाहिजे."

"'माझे मूल आनंदी आहे'..."

"साबिया. तिला पालकांसारखं लिहायला अजून जमत नाही."

ज्योतीरामना कॅन्टीनमधली ती शांतता आठवली. उंदरांनी सापळ्यांची तपासणी सुरू केली होती आणि शेरे मारायचं कामही वाटून घेतलं होतं. पण त्यांना त्याहून महत्त्वाची एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारताना त्यांचा आवाज जरा खाली गेला.

"ते मंगळवारचं कुणी लिहिलं? बालपण संपलं ते. खिडकीचं."

"मी."

"तू?"

"त्याच्यावरच हसत होतो आम्ही सगळ्या. साबिया म्हणाली, मंगळवार कशाला घातलास? मी म्हटलं, वार घातला की खरं वाटतं."

ज्योतीरामनी वाकून एकदाचे बूट काढले. मग म्हणाले, "चांगलं लिहिलंयस गं. मी तौसिफला दोनदा वाचून दाखवलं. त्याचा रस्सा गार झाला." आणि लगेच इन्स्पेक्टरचा चेहरा करून, "म्हणजे डेंजर ॲप कुठलं, सुबोध पालक?"

"हो."

"हे तू मला खरं सांगायलीस, का हा पण रिव्ह्यूच आहे?"

"ते तुम्ही ठरवा ना. तपासणी तुमचं काम आहे."

ज्योतीरामनी विचार केला. तिनं खरं सांगितलं असेल तर एक ॲप चालतं, खोटं सांगितलं असेल तर दुसरं, आणि तिला हे आपल्याला कळणार हे माहीत असेल तर पुन्हा पहिलं. मुलीला समोरासमोर विचारल्यावर जितकं कळलं तितकं दोन्ही ॲपमध्ये मिळून कळलं नसतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं. पण याचं प्रमाणपत्र कुठं मिळत नसल्यामुळं त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

"मरू दे सगळं. माझ्या फोनवरचं काढ आधी. पिन सांग."

"पिन आत्ताच आईनं घेतली माझ्याकडून. बदलली पण."

ज्योतीरामनी स्वयंपाकघराकडं बघितलं. रुपाली फोन समोर धरून, नकाशा बोटानं लहानमोठा करत बसली होती.

"राहू दे हो," ती वर न बघता म्हणाली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला ट्रॅफिकचं नीट कळायला लागलंय. आणि पाल्य अठराचं झालं की आपोआप बंद होतं म्हणे ते. तीन वर्षं तर जायचीत."

त्यावर ज्योतीरामनी जन्मतारीख दुरुस्त करायचा प्रयत्न केला. घारीनं उत्तर दिलं की मुलं मोठं व्हायची घाई करतात हे आम्हाला माहीत आहे. अखेर त्यांनी ॲपच्या तक्रार निवारण कक्षाकडं रीतसर लिहिलं, आणि ते तिथं जसंच्या तसं पडून आहे:

'विषय: अर्जदारास सज्ञान समजण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या नोंदीनुसार अर्जदाराचे वय पंधरा वर्षे असून प्रत्यक्षात अर्जदार विवाहित, नोकरदार व एका दहावीतील मुलीचा पिता आहे. पुराव्यादाखल आधार कार्ड, लग्नपत्रिका व सदर मुलगी समक्ष हजर करण्यास अर्जदार तयार आहे. अठरा वर्षांखालील तक्रारदाराच्या अर्जास पालकांची संमती लागते असे आपले ॲप दर्शविते. पालकांस विचारले असता त्या हसल्या, व हसण्याचे कारण देण्यास त्यांनी नकार दिला. तरी ती संमती मिळालेली आहे असे गृहीत धरून, अर्जदारास अठरा वर्षे पूर्ण झालेली आहेत असे जाहीर करावे, आणि ते नियमात बसत नसल्यास निदान कंपनीच्या गेटच्या आत असेपर्यंत तरी सज्ञान समजण्यात यावे, ही नम्र विनंती.'